बाबांच्या वाट्याचे वीस किलोमीटर

माझे वडील अमरावतीच्या कोर्टात वकील होते. एका हिवाळ्यात त्यांनी काळा कोट कपाटात लावला तो लावलाच. कारण त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. न्यायाधीशांनी काहीतरी विचारलं आणि बाबांनी भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. मग समोरच्या पक्षाच्या तरुण वकिलाने त्यांच्या कानाशी वाकून तोच प्रश्न मोठ्याने पुन्हा सांगितला, अगदी आदराने. कोर्टात कोणी हसलं नाही. "हसले असते तर बरं झालं असतं," असं आई म्हणते. "हसण्यावर ते चिडले असते. आदरावर माणूस काय करणार?"

मग कानात घालायची यंत्रं आली. ती लावली की पंखा, कुकर, रस्त्यावरचे हॉर्न सगळं सारख्याच जोरात ऐकू यायचं आणि माणसाचं बोलणं त्यात बुडून जायचं. घरातल्या माणसांचे ओठ त्यांना वाचता येत, बाहेरच्यांचे नाही. हळूहळू त्यांनी लग्नाकार्याला जाणं सोडलं. फोन घेणं तर कधीच सोडलं होतं. मी अकोल्याहून फोन करायचे, आई बोलायची आणि मागून बाबांच्या पेपर उलटण्याचा आवाज यायचा. फक्त सायकल तेवढी सुटली नव्हती. कोर्टात ते जन्मभर सायकलनेच गेले, आणि आताही सकाळी त्याच काळ्या, उंच सायकलवर भाजी आणायला निघत. भाजी घराजवळ मिळायची, तरी त्यांना तास-दीड तास लागायचा.

मी अकोल्यात कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. नवरा त्याच कॉलेजात गणित शिकवतो. तो दर्यापूरकडच्या शेतकरी घरातला. वर्गात पुस्तकातलं मराठी बोलतो आणि वर्गाचा उंबरा ओलांडला की वऱ्हाडी. चाळिशीनंतर माझी पाठ धरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. बायकांच्या बॅचमध्ये मी दांडी धरून पाय मारण्यापासून सुरुवात केली. दोन वर्षांत इतपत यायला लागलं की या टोकाहून त्या टोकाला जाताना मला मरणाची भीती वाटत नसे. याच बॅचमधल्या एकीने सांगितलं, की अमरावतीला हौशी माणसांसाठी दोन दिवसांचा ट्रायथलॉनचा उत्सव आहे. आधी तलावात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. एकट्याने तिन्ही करा, नाहीतर तिघांनी मिळून एकेक वाटून घ्या.

मी घरी येऊन हे गमतीने सांगितलं. नवरा तेव्हा नुकताच धावायला लागला होता. रोज सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्याने जायचा आणि घामाघूम होऊन यायचा.

"पोयनं तुह्यं, धावनं माह्यं," तो म्हणाला. "सायकल कोन चालवन?"

मी ओळखीतली नावं आठवायला लागले. तोच म्हणाला, "बाबा काहून नाही?"

पुढच्या शनिवारी आम्ही अमरावतीला गेलो. नवरा बाबांच्या समोर खुर्ची ओढून बसला आणि सावकाश, ओठ नीट दिसतील असं बोलला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं.

"किती अंतर?"

"वीस किलोमीटर."

"एवढंच?" बाबा म्हणाले आणि पुन्हा पेपर उघडला. तो होकार होता हे आम्हाला आईने सांगितलं.

आईचा मात्र नकार होता. "सत्तरी उलटली त्यांची. मागून ट्रक आला तर हॉर्न कोण ऐकणार? तू ऐकणार का अकोल्यातून?" तिचं चुकत नव्हतं. आम्ही बाबांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईसीजीची पट्टी काढून पाहिली, रक्त तपासलं, आणि माझ्यापेक्षा बाबांचं हृदय बरं आहे असं माझ्या तोंडावर सांगितलं. नवऱ्याने सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी आरसे बसवले, मोटारसायकलचे. ती काळी सायकल आता मोठे कान फुटल्यासारखी दिसायला लागली. बाबा आरशात पाहून हसले. त्यांचं असं हसणं मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

मग दर शनिवारी कॉलेज सुटलं की आम्ही अमरावतीला जायचो. रविवारी पहाटे बाबा आणि नवरा बाहेर पडायचे. बाबा सायकलवर, नवरा त्यांच्यामागे स्कूटरवर. तो सांगायचा, "तुये बाबा मांगं वळून पायतच नाईत. मी हाओ का नाई, त्याइले काई पडेल नाई." मी अकोल्यात पोहायचे, अमरावतीत आईबरोबर बोलत बसायचे. आई दर रविवारी फाटकाशी उभी राहून त्यांना जाताना बघायची आणि ते परत आले की पहिलं वाक्य म्हणायची, "झाली का हौस?" बाबांना ते ऐकू येत नसे, पण ओठ कळत असणार. ते दरवेळी "नाही" म्हणायचे.

उत्सवाच्या शनिवारी आम्ही चौघंही मैदानावर गेलो. मला वाटलं होतं तिथे सगळी चकचकीत कपड्यांतली पोरं असतील. तशी होतीही. पण अर्धी गर्दी आमच्यासारखीच होती. कोणी नर्स, कोणी पोलिसातला, दर्यापूरहून टेम्पोत सायकली घालून आलेला एक घोळका, डोंगरातल्या सेमाडोहहून आलेल्या दोन बहिणी, ज्यांना पोहण्याचं काही वाटत नव्हतं पण शहरातल्या रहदारीची धास्ती होती. लहान मुलांची शर्यत चालू होती आणि प्रत्येक मुलाबरोबर एक आई आतल्या बाजूने धावत होती. आम्हाला छातीवर लावायचे नंबर मिळाले. त्याच्या मागच्या बाजूला घरच्या माणसाचा फोन लिहायचा होता. मी बाबांच्या नंबरामागे माझा लिहिला. शिवाय एक पट्टा मिळाला, घोट्याला बांधायचा. त्यात वेळ मोजणारी चिप होती. पोहणाऱ्याने तो काढून सायकलवाल्याच्या पायाला बांधायचा, सायकलवाल्याने धावणाऱ्याच्या. पट्टा नाही तर पुढे जायचं नाही.

सायकल तपासणारा मुलगा बाबांच्या सायकलकडे बघतच राहिला. "काका, गिअर नाहीत?"

"हो, इथलाच," बाबा म्हणाले. "राजापेठेत राहतो."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी कानाकडे बोट केलं. त्याने ब्रेक दाबून पाहिले आणि सायकलवर मान्यतेचा कागद चिकटवला. मी संयोजक बाईंना जाऊन सांगितलं की बाबांना ऐकू येत नाही, हेल्मेटखाली यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून ते काढून ठेवणार आहेत, तेव्हा त्यांना हाताने खूण करा. त्या बाई पेशाने डॉक्टर होत्या, गळ्यात शिट्टी होती. त्यांनी लगेच दहा किलोमीटरवरच्या परतीच्या वळणावर उभ्या राहणाऱ्या मुलीला बोलावून माझ्यासमोर बजावलं, "लाल झेंडा दाखवायचा. मोठ्याने ओरडायचं नाही, झेंडा."

संध्याकाळी मंडपात पंगत होती. आरावर भाजलेले कणकेचे पाणगे, वरण, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. एवढ्या गोंगाटात बाबा येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले, भिंतीकडच्या बाजूला बसले आणि चार पाणगे खाल्ले. शेजारचा माणूस त्यांच्याशी सारखा बोलत होता. बाबा मान हलवत होते. तो काय बोलत होता ते त्यांना कळलं नाही हे मला दिसत होतं, पण त्या दिवशी त्यांना त्याचं ओझं वाटत नव्हतं हेही दिसत होतं.

रविवारी सकाळी तलावावर धुकं होतं. मी पोहण्याची टोपी घालून काठावर उभी राहिले तेव्हा दातावर दात वाजत होते. अकोल्याच्या टाकीतल्या निळ्या पाण्यात तळ दिसतो. इथे स्वतःचा हातही कोपरापर्यंतच दिसत होता. शिट्टी झाली, सगळे उतरले, कोणाचा तरी पाय माझ्या खांद्यावर बसला, आणि माझा श्वास जो अडकला तो खाली उतरेचना. मी उभी राहायला गेले, खाली जमीन नव्हती. पायाला शेवाळ लागलं. मला ओरडायचं होतं, पण तोंडात पाणी होतं. इतक्यात जीवरक्षकाची छोटी नाव जवळ आली आणि तो शांतपणे म्हणाला, "ताई, धरा. धरलं तरी चालते. कोणी बाद नाही करत."

मी नावेची कड धरून राहिले. सगळे पुढे गेले. धुक्यात त्यांच्या टोप्यांचे रंग तेवढे दिसत होते. श्वास परत आला तसं मला एकदम हलकं वाटलं. शेवटची येणार हे ठरलंच होतं, तेव्हा आता कोणाच्या पायाशी स्पर्धा नव्हती. मी उताणी झाले, थोडं तसंच गेले, मग पालथी होऊन सावकाश हात मारत राहिले. काठाला लागले तेव्हा तिथल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या माणसाला नेहमी जास्त टाळ्या मिळतात.

सायकली लावल्या होत्या तिथे बाबा हेल्मेट घालून उभे होते. पांढरा सदरा, त्यावर आईने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर. मी वाकून त्यांच्या घोट्याला पट्टा बांधला. बाबा म्हणाले, "निळी पडलीस. टॉवेल घे," आणि टांग मारून निघाले. मी त्यांना फाटकाबाहेर वळताना पाहिलं. पाठ ताठ, दोन्ही आरसे चमकत होते.

माझं काम संपलं होतं. आईने थर्मासमधून चहा दिला. मी दोन कप प्यायले आणि गवतावर आडवी झाले. असं छान मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. नवरा जागच्या जागी उड्या मारून अंग गरम करत होता.

सायकली परत यायला लागल्या. आधी महागड्या, मग साध्या. सेमाडोहच्या बहिणींतली धाकटी आली. दर्यापूरचे आले. प्रत्येक वेळी नवरा पुढे व्हायचा आणि परत यायचा. तास उलटला. आई म्हणाली, "येतील. त्यांना घाई कधी होती?" आणखी थोड्या वेळाने ती उठून फाटकाशी गेली. मग सायकली लावायच्या ठिकाणी फक्त एक मोकळी जागा उरली, आमची.

डॉक्टरबाईंनी वळणावरच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "मॅडम, नंबर असलेले सगळे वळले." मग म्हणाली, "एक पांढऱ्या सदऱ्यातले काका आले होते, काळ्या सायकलवर. मी झेंडा दाखवला. त्यांनी मला नमस्कार केला आणि सरळ गेले. स्वेटर होता, नंबर दिसला नाही. मला वाटलं पुढच्या पोहरा गावातले कोणी असतील, शेतात चालले असतील."

नंबर स्वेटरच्या आत होता. मीच सकाळी त्यांना म्हटलं होतं, थंडी आहे, वरून स्वेटर घाला.

एक स्वयंसेवक मोटारसायकलवर गेला. वळणाच्या पुढे बरंच लांबपर्यंत जाऊन आला आणि मान हलवली. रस्त्यावर कोणीच नव्हतं. सरळ रस्ता पोहऱ्याच्या जंगलातून चांदूर रेल्वेला जातो. चढ-उताराचा, दोन्ही बाजूंना साग. त्या जंगलात बिबटे आहेत हे अमरावतीत शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण मला बिबट्या आठवला नाही. मला बाबांच्या मागून येणारा ट्रक दिसत होता, हॉर्न वाजवणारा.

"गाडी काढा," मी नवऱ्याला म्हटलं.

तो हाफपँट आणि छातीवरच्या नंबरासकट गाडीत बसला. मी ओल्या कपड्यांवर शाल गुंडाळली होती. आई मागे बसली. ती म्हणाली, "मी डावीकडे बघते, तू उजवीकडे बघ." कशाकडे बघायचं ते तिने सांगितलं नाही. रस्त्याच्या कडेचा चर, झुडपं, पुलाखालचे ओढे. नवरा अगदी हळू गाडी चालवत होता. जंगलात शिरलो तसा फोनला सिग्नल राहिला नाही. एकदा दूर काहीतरी काळं आडवं पडलेलं दिसलं. आई "थांबवा" म्हणाली. जळालेलं टायर होतं. नवऱ्याने गाडी पुन्हा सुरू केली तेव्हा त्याचा हात दोनदा चुकला. मी मनात एकच हिशेब करत होते, की या चढावर सत्तरीतला माणूस किती वेळ टिकेल, आणि प्रत्येक वेळी उत्तर आम्ही मागे सोडून आलेल्या एखाद्या चढावरचंच येत होतं.

जंगल संपून शेतं सुरू झाली. तुरीच्या शेतापाशी माझा फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"हॅलो, तुमी पोरगी का त्याइची?" बाईचा आवाज होता.

"कोणाची?"

"सायकलवाल्या बाबाजीची. पांढरा सदरा हाय. स्वेटर काढला त नंबर दिसला, मांगं तुमचा फोन लिहेल हाय."

"हो, हो! काय झालं त्यांना?"

"का व्हायचं? चहा पिऊन राहिले. दुसरा कप हाय. मी इचारलं घरी सांगू का, त त्याइले ऐकूच येत नाही. म्हून मीच लावला फोन."

"कुठे आहेत?"

"चांदूर रेल्वेले, बस स्टँडापाशी. घ्या, बोला."

मी "नको, नको" म्हणेपर्यंत फोन बाबांच्या हातात गेला होता. "मी चांदूर रेल्वेला आहे," बाबा कोर्टात बोलायचे तसे स्पष्ट बोलले. "प्रकृती ठीक आहे. तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही, तेव्हा बोलू नकोस. येताना माझी पैशांची थैली आण. मी काहीच घेऊन आलेलो नाही." आणि फोन परत त्या बाईला दिला. ती हसत होती.

कितीतरी वर्षांनी बाबा माझ्याशी फोनवर बोलले होते.

मी फोन ठेवला आणि सांगितलं, "चहा पिताहेत." नवऱ्याने गाडी कडेला घेतली, उतरला आणि तुरीच्या शेताकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. तो रडत होता की हसत होता हे मी अजून विचारलेलं नाही. आईने पदराने चेहरा पुसला आणि मग बाबांना, जे तिथून चांगलेच लांब होते, बोलायला सुरुवात केली. म्हातारपणी अक्कल गहाण टाकली, बायकोचा जीव घेतला, असल्या माणसाला फाटकाबाहेर सोडलं हीच चूक. ती थांबेचना. ती बोलते आहे याचं मला इतकं बरं वाटलं की मी मागे वळून तिचा हात धरला. तिने तो झटकला आणि पुन्हा धरला.

स्टँडापाशी चहाच्या टपरीवर बाबा बाकड्यावर बसले होते, हेल्मेट मांडीवर. चेहरा लाल झाला होता, केस घामाने चिकटले होते. आम्हाला बघून त्यांनी सरकून जागा केली. आई उतरून थेट त्यांच्यासमोर उभी राहिली. वाटेत पाठ केलेलं सगळं ती विसरली असावी. ती एवढंच म्हणाली, "मी मेले असते."

बाबांनी तिचे ओठ पाहिले. "बैस," ते म्हणाले. "आलूबोंडा गरम आहे."

आई बसली आणि तिने आलूबोंडा खाल्ला.

मी त्यांना विचारलं, हळू आणि नीट, की त्या मुलीचा झेंडा दिसला नव्हता का.

"दिसला की. लाल होता."

"मग वळला का नाहीत?"

"वळावंसं वाटलं नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "घरात कोणी बोललं की मला ऐकू येत नाही. बाजारात कोणी बोललं की ऐकू येत नाही. सायकलवर कोणी बोलतच नाही. तिथे मी इतरांसारखाच. चढावर तर दोन पोरांना मागे टाकलं मी. तिथून वळायचं म्हणजे..." त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. "पुढचा रस्ता चांगला दिसत होता. वकिलीच्या सुरुवातीला इथल्या कोर्टात यायचो, तेव्हाचा रस्ता फार खराब होता."

"एका शब्दाने सांगता येत नव्हतं?" आई म्हणाली.

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

आईने आलूबोंड्याचा कागद चुरगळला. मग बाबाच जरा खालच्या आवाजात म्हणाले, "परत कसं जायचं याचा मात्र मी विचार केला नव्हता. इथे पोचलो आणि पाय संपले. उतरलो तर उभं राहता येईना. या बाईंनी हाताला धरून बसवलं."

टपरीवाली बाई पातेलं विसळत होती. तिने आमच्याकडे पाहिलं. आईने तिला हात जोडले. ती म्हणाली, "असू द्या, माय. आमच्या घरी बी असेच एक हायेत."

नवरा बाबांसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाबा, माह्यं धावनं बाकी हाय. पट्टा तुमच्या पायाले हाय."

बाबांनी घोट्याकडे पाहिलं. तोपर्यंत त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं की आणखी कोणी त्यांची वाट पाहत होतं. "अरे," ते म्हणाले. "अरे, तुझं राहिलंच." त्या दिवशी त्यांनी माफी मागितली ती एवढीच, आणि फक्त जावयाची. वाकून त्यांनी स्वतः पट्टा सोडला आणि त्याच्या हातात दिला.

शेजारच्या पंक्चरच्या दुकानात सायकलचं पुढचं चाक काढून घेतलं. तरीही डिक्की बंद होईना, मग ती सुतळीने बांधली. मी डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं. त्यांच्या "देवा रे" नंतर मागून बऱ्याच जणांचा आवाज आला, म्हणजे सगळे तिथे थांबले होते. परतीच्या वाटेवर त्याच जंगलात आईला पळसाची झाडं दिसली, मोर दिसले, एक देऊळ दिसलं. जाताना तिने यातलं काहीच पाहिलं नव्हतं. बाबा खिडकीला डोकं टेकून प्रत्येक चढ आला की बोटाने दाखवत होते.

मैदानावर मंडप उतरवायला सुरुवात झाली होती. शेवटच्या रेषेवरची हवेने फुगणारी कमान खाली लोळत होती. बक्षिसं वाटून झाली होती. वळणावरची मुलगी आम्हाला पाहून धावत आली. तिचे डोळे सुजले होते. "काका, सॉरी," ती म्हणाली. बाबांना तिचे ओठ वाचता आले नाहीत, पण चेहरा वाचता आला. ते म्हणाले, "तू बरोबर दाखवलंस, बाळ. चूक माझी होती, तुझी नाही." ती तिथेच पुन्हा रडली, पण आता निराळं.

नवरा डॉक्टरबाईंना म्हणाला, "मॅडम, मले पळू द्या."

"सर, निकाल लागून गेला."

"निकाल ठेवा तुमच्यापाशी. मी तीन महिने पहाटे उठून राहिलो, ते का असंच?"

बाईंनी शिट्टी वाजवली. ऊन डोक्यावर आलं होतं. तो एकटा निघाला. मग दर्यापूरच्या घोळक्यातले दोघं, पोहे खाता खाता, पत्रावळ खाली ठेवून त्याच्याबरोबर पळायला लागले. सेमाडोहची धाकटी बहीण पहिल्या वळणापर्यंत गेली आणि हसत परत आली. कोणीतरी कमानीचा पंखा पुन्हा लावला. कमान पुरती फुगली नाही, एका बाजूला झुकून उभी राहिली.

तो परत येताना दिसला तेव्हा लंगडत होता. नियमाप्रमाणे शेवटचं थोडं अंतर तिघांनी मिळून जायचं असतं. मी बाबांचा एक हात धरला, त्याने दुसरा. बाबांचे पाय अजून धड उचलत नव्हते, त्याचेही नव्हते, आणि मी अनवाणी होते, माझ्या चपला सकाळपासून कुठे गेल्या होत्या कोण जाणे. आम्ही चालतच कमानीखालून गेलो. आजूबाजूला बरेच जण टाळ्या वाजवत होते. बाबांनी त्या सगळ्या हातांकडे नीट पाहिलं.

दुपारी घरी सगळे जेवले आणि बाबा दिवाणावर पडल्या पडल्या झोपले, बुटांसकट. आईने बूट काढले. ती स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी नुसतं वीस किलोमीटर सांगायचं नाही त्यांना. दहा जायचं, दहा यायचं, असं फोडून सांगायचं." पुढच्या वर्षाचा विषय तिनेच काढला होता. मी भांडी आवरत राहिले, बोलले असते तर तिने तो परत घेतला असता.

नवऱ्याच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, म्हणून अकोल्याला जाताना गाडी मी चालवली. बडनेरा मागे पडलं तसा तो झोपला. मूर्तिजापूरच्या अलीकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. मी त्यांच्यामागे सावकाश जात राहिले. कुठेही पोचायची घाई नव्हती. अंग दुखत होतं, केसांना अजून तलावाच्या पाण्याचा वास येत होता. काच खाली केली तर थंड हवा आत आली. मी ती तशीच ठेवली.